शिकायला आलेली की कामाला? ब्रिटनच्या हॉस्पिटलांतली नर्सिंगची उमेदवारी

आपल्याकडे सलाईन संपत आलं की पेशंटचा नातेवाईक दारात येऊन हाक मारतो, "सिस्टर!" ड्यूटीवर असलेली कुठलीही नर्स आपल्यासाठी सिस्टरच. पुरुष असेल तर ब्रदर. ब्रिटनमध्ये मात्र सगळ्याच नर्स सिस्टर नसतात. तिथे वॉर्डाची प्रमुख असते ती सिस्टर, आणि तिच्या हाताखाली बाकीच्या नर्स. हा शब्द मुळात मठातला. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल ११२३ साली एका मठाबरोबर उभं राहिलं. सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने मठ मोडीत काढले, पण आजारी माणसं कुठे जाणार? हॉस्पिटल राहिलं. धर्माला वाहून घेतलेल्या बायका गेल्या आणि त्यांचं नाव पगारावर आलेल्या बायकांना चिकटलं.

सिस्टर, मेट्रन (हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सची प्रमुख), स्टाफ नर्स हे सगळे शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. त्यांच्याबरोबर नर्स घडवण्याची एक पद्धतही आली: हॉस्पिटलनेच शाळा चालवायची, मुलींनी हॉस्टेलवर राहायचं, सकाळी वॉर्डात राबायचं आणि उरलेल्या वेळात शिकायचं. आपला जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा, डिप्लोमा याच घराण्यातला. ही पद्धत जिथे जन्मली त्या ब्रिटनमध्ये मात्र ती गेल्या शतकाच्या शेवटी बंद पडली. का, ते समजायला एक जुना मराठी शब्द फार कामाला येतो: उमेदवारी.

सोनाराच्या दुकानात पोरगा उमेदवारीला राहायचा तेव्हा काय व्हायचं? तो भाता फुंकायचा, दुकान झाडायचा, शेठच्या घरचं पाणीही भरायचा, आणि बघता बघता कारागिरी शिकायचा. शेठला फुकटात किंवा चार आण्यांत दोन हात मिळायचे, पोराला विद्या मिळायची. सौदा वाईट नव्हता. फक्त त्यात एक गोम होती. पोरगा शिकून लवकर तयार व्हावा याची घाई शेठला कधीच नसायची. ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या शिक्षणाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका गोमेभोवती फिरतो.

आधी काय होतं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉस्पिटल ही गरिबांची जागा होती. ज्याच्याकडे पैसा होता तो घरी पलंगावर झोपायचा आणि डॉक्टर त्याच्याकडे यायचा. हॉस्पिटलातली नर्स म्हणजे झाडलोट करणारी, शेगडी पेटवणारी, पेशंटला भरवणारी बाई. तिला कुणी काही शिकवलेलं नसे. त्या दारुड्या आणि अडाणी होत्या असं सर्रास सांगितलं जातं. काही होत्याही. पण वर्षानुवर्षं एकाच वॉर्डात काढून पेशंटचा चेहरा पाहूनच रात्र कशी जाणार हे ओळखणाऱ्या जुन्या सिस्टरही त्यांत होत्या. नंतरच्या सुधारकांनी आपला दिवा उजळ दिसावा म्हणून आधीचा अंधार जरा गडदच रंगवला, असं मला वाटतं.

बदल घडवला तो वैद्यकाने. १८४६ मध्ये लंडनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली आणि बेशुद्ध पेशंट ही नवी गोष्ट वॉर्डात आली. १८६० च्या दशकात ताप मोजायचा छोटा थर्मामीटर आला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा पिकू न देण्याची रीत जगापुढे मांडली. आता पेशंटकडे सतत लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर तासभर फिरून जायचा. उरलेले तेवीस तास तापाचा आकडा कोण लिहिणार, पट्टी लाल झाली की पिवळी हे कोण बघणार, आणि ते डॉक्टरला नेमक्या शब्दांत कोण सांगणार? त्यासाठी शिकलेली बाई हवी होती.

पहिले प्रयत्न धर्माच्या वाटेने झाले. तुरुंगसुधारणेसाठी प्रसिद्ध असलेल्या एलिझाबेथ फ्राय यांनी १८४० मध्ये लंडनमध्ये नर्सिंगची एक संस्था काढली. १८४८ मध्ये सेंट जॉन्स हाऊस हा अँग्लिकन बायकांचा संघ निघाला आणि १८५६ मध्ये त्याने किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचं सगळं नर्सिंग अंगावर घेतलं. म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आधी काहीच नव्हतं, हे खरं नाही.

पंधरा मुली आणि एक फंड

फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धासाठी १८५४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचल्या. बरोबर ३८ बायका. ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ती इथेच सोडतो. आपल्याला महत्त्वाचं आहे ते त्यांच्या नावाने लोकांनी वर्गणी काढून जमवलेल्या पैशाचं पुढे काय झालं ते. १८५५ मध्ये सुरू झालेल्या या नाइटिंगेल फंडात सुमारे ४५,००० पौंड जमले. त्या काळात ही प्रचंड रक्कम होती. या पैशातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. त्यांना प्रोबेशनर म्हणत. म्हणजे उमेदवारच.

मुलीला राहणं, जेवण, कपडे धुऊन मिळणं, गणवेश आणि वर्षाला १० पौंड. त्या बदल्यात एक वर्ष वॉर्डात राहून शिकायचं आणि त्यानंतर काही वर्षं फंड सांगेल त्या हॉस्पिटलात नोकरी करायची. शिकवायच्या त्या वॉर्डाच्या सिस्टर, काम करता करता. डॉक्टर अधूनमधून व्याख्यान द्यायचे. सगळ्यावर मेट्रन सेरा वॉर्डरोपर यांची नजर. दर महिन्याला प्रत्येक मुलीचा एक तक्ता भरला जायचा. त्यात जखमेची पट्टी, बिछाना, पेशंटचं निरीक्षण अशा कामांना शेरे असत. शिवाय वक्तशीरपणा, शांतपणा, टापटीप आणि विश्वासूपणा यांनाही असत. मुलगी कशी वागते हे ती काय करते याच्याइतकंच मोजलं जाई.

आज हे वाचताना हसू येतं. पण त्या वेळच्या आईबापांच्या जागी बसून पाहा. अनोळखी पुरुषांच्या अंगाला हात लावायचं काम, तेही गरिबांच्या हॉस्पिटलात. चांगल्या घरची मुलगी तिथे पाठवायला कोण तयार होईल? म्हणून नर्सेस होम. प्रत्येकीला वेगळी खोली, दाराशी देखरेख, रात्री वेळेवर दिवे बंद. गावाकडची मुलगी शहरात शिकायला निघाली की "हॉस्टेलला रेक्टर कशा आहेत?" हा पहिला प्रश्न आपल्याकडेही आईच विचारते. नाइटिंगेलबाईंची खरी चाल ही होती: नर्सिंगला अब्रू मिळवून दिली की मुली येतील. दुसरी चाल याहून धाडसी. वॉर्डातल्या सगळ्या बायकांवर हुकूम मेट्रनचा चालेल, डॉक्टरचा किंवा कारभाऱ्याचा नाही. पुरुषांच्या संस्थेत एका बाईचं स्वतंत्र राज्य.

शाळेच्या नावाला जितकी चकाकी होती तितकी आत नव्हती. स्वतः नाइटिंगेल युद्धानंतर बहुतेक काळ आजारी आणि घरात असत. शाळा त्यांनी कधी हातात घेऊन चालवली नाही. १८७० च्या सुमारास त्यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की मुलींना शिकवायची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते हॉस्पिटलचे डॉक्टर व्हिटफील्ड शिकवण्याकडे फारसं बघतच नव्हते. मुली वॉर्डात कामाला जुंपल्या जात होत्या आणि शिकणं राहून जात होतं. व्हिटफील्ड यांना बाजूला करून सर्जन जॉन क्रॉफ्ट यांना आणलं, आणि मुलींच्या अभ्यासाकडे बघायला होम सिस्टर नेमली. पहिल्याच शाळेत, पहिल्याच बारा वर्षांत, सोनाराच्या दुकानातली ती गोम उघडी पडली होती.

सौदा पसरतो

तरी नाव गाजलं. सेंट थॉमसच्या मुली जगभर मेट्रन म्हणून गेल्या. अ‍ॅग्नेस जोन्स १२ नर्स घेऊन १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमधल्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रमातल्या, इस्पितळात गेल्या आणि तीन वर्षांतच टायफसने वारल्या. ल्युसी ऑस्बर्न १८६८ मध्ये सिडनीला पोचल्या. बघता बघता प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलाने स्वतःची शाळा काढली.

यामागे आदर्शवाद किती आणि हिशोब किती? लंडनची मोठी हॉस्पिटलं देणग्यांवर चालत. पैशाची कायम चणचण. शिकलेली नर्स ठेवायची तर पगार द्यावा लागतो. उमेदवार मुलगी मात्र जेवणावर आणि थोड्या खर्चीवर मिळते, हॉस्टेलवर राहते म्हणून रात्री-अपरात्री हाताशी असते, उलट बोलत नाही, आणि तिचं शिक्षण संपलं की तिच्या जागी नवी येते. लंडन हॉस्पिटल नावाच्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन एव्हा ल्यूकेस यांच्या काळात शिकाऊ मुलींना श्रीमंतांच्या घरी खासगी नर्स म्हणून पाठवत आणि त्याची फी हॉस्पिटलच्या तिजोरीत जाई. १८९० च्या सुमारास संसदेच्या वरच्या सभागृहाच्या समितीपुढे यावर बरीच उलटतपासणी झाली. आपण पूर्ण शिकलेली नर्स बोलावली आहे असं त्या घरच्यांना वाटत होतं!

मुलींना आधी थोडं शिकवून मग वॉर्डात सोडावं ही साधी गोष्ट सुचायलाही तेहतीस वर्षं गेली. १८९३ मध्ये ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या मेट्रन रिबेका स्ट्राँग यांनी सर्जन विल्यम मॅकेवेन यांच्या मदतीने आधी वर्ग, मग वॉर्ड अशी सोय केली. १८९५ मध्ये लंडन हॉस्पिटलानेही ट्रेडेगार हाऊस नावाच्या घरात असाच प्राथमिक वर्ग सुरू केला. पुढे या वर्गाला सगळे पीटीएस, म्हणजे प्रिलिमिनरी ट्रेनिंग स्कूल, म्हणू लागले. सांगाडा, शरीररचना, बँडेज, बिछाना, पथ्याचं जेवण. हे काही आठवडे शिकून मगच पहिला वॉर्ड.

नोंदणीची लढाई

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या मोठ्या बाई. एथेल मॅन्सन १८८१ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, सेंट बार्थोलोम्यूच्या मेट्रन झाल्या. १८८७ मध्ये डॉक्टर बेडफर्ड फेन्विक यांच्याशी लग्न केलं. तेव्हा लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. मोकळ्या झालेल्या या बाईंनी त्याच वर्षी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली आणि एक मागणी लावून धरली: डॉक्टरांची १८५८ पासून सरकारी नोंदणी होते, तशी नर्सची व्हावी. तीन वर्षं शिक्षण, एक परीक्षा, एक यादी. यादीत नाव नसेल ती स्वतःला नोंदणीकृत नर्स म्हणवू शकणार नाही.

विरोध कोणी करावा? खुद्द नाइटिंगेल यांनी. त्यांचं म्हणणं असं की परीक्षेने माहिती मोजता येते, स्वभाव नाही. एकदा यादीत नाव चढलं की ती बाई पुढे कशी वागते हे कोण बघणार? एव्हा ल्यूकेस त्यांच्या बाजूने. हॉस्पिटलांचे कारभारीही त्याच बाजूला होते, पण त्यांची कारणं वेगळी. देशभर एकच परीक्षा आली की कुठली शाळा काही न शिकवता मुली राबवते हे उघड होणार होतं. माझं मत विचाराल तर नाइटिंगेल यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, पण तो मांडून त्या नकळत शेठजींच्या पंगतीला जाऊन बसल्या.

भांडण तीस वर्षं चाललं. सुईणींचा कायदा १९०२ मध्ये झाला, नर्सचा रखडला. पहिल्या महायुद्धात थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या हजारो स्वयंसेविका पांढरा ॲप्रन घालून वॉर्डात आल्या. कोण शिकलेली आणि कोण हौसेने आलेली हे सामान्य माणसाला कळेना. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं आणि संसदेचाही सूर बदलला. १९१९ च्या डिसेंबरात कायदा झाला, जनरल नर्सिंग कौन्सिल स्थापन झालं आणि १९२१ मध्ये नोंदवही उघडली. पहिलं नाव अर्थातच एथेल गॉर्डन फेन्विक. यातून पात्र नर्सला एसआरएन, म्हणजे स्टेट रजिस्टर्ड नर्स, हे बिरूद मिळालं. पुरुष नर्सची नोंद वेगळ्या पुरवणी यादीत होई. ते मुख्य यादीत आले ते १९४९ च्या कायद्यानंतर.

पण बारकाईने पाहा. कौन्सिलला परीक्षा सक्तीची करता आली. शिकवायचं काय आणि कसं, हा अभ्यासक्रम मात्र केवळ शिफारस म्हणून राहिला. शाळा हॉस्पिटलाची, पैसा हॉस्पिटलाचा आणि मुलीचा वेळही हॉस्पिटलाचाच.

तीन वर्षं कशी जायची

१९३० ते १९६० या काळातली एखादी मुलगी समोर आणा. वय अठरा. पीटीएस संपली, पहिला वॉर्ड. एका लांब दालनात समोरासमोर दोन रांगांत मिळून तीसेक खाटा. पहाटे उठून नाश्ता, मग वॉर्डात. पहिल्या वर्षाची मुलगी म्हणजे बेडपॅन, ते धुवायची खोली, लॉकर पुसणं, फुलदाण्यांचं पाणी बदलणं. खाटांची चाकं एका दिशेला वळलेली हवीत. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे दिसता कामा नये. चादरीचा कोपरा ठरलेल्या घडीतच. पडून असलेल्या पेशंटची पाठ ठरावीक वेळाने साबण आणि स्पिरिटने चोळायची, कारण पाठीला जखम झाली तर ती नर्सची लाज. आज आपण प्रेशर सोअर म्हणतो ते तेव्हा सिस्टरच्या लेखी गुन्ह्याइतकं गंभीर होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. थर्मामीटर फुटला की मेट्रनसमोर उभं राहायचं.

दुसऱ्या वर्षी पट्ट्या आणि इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला अख्खा वॉर्ड तिच्या जिवावर, सोबतीला एखादी धाकटी. वीस-एकवीस वर्षांची पोर, तीस पेशंट, आणि सिस्टर सकाळी येणार. व्याख्यानं सुट्टीच्या वेळात, कधी रात्रपाळी करून आल्यावर. डोळे मिटत असताना वही पुढे. गणवेशावरच्या रेघांवरून आणि कंबरपट्ट्याच्या रंगावरून कोण कितव्या वर्षाची ते कळायचं, आणि जेवणाच्या टेबलावरही त्याच क्रमाने बसायचं. रात्री उशिरा परतायचं तर लेखी परवानगी.

यातून घडलेल्या बायका कसलेल्या होत्या, यात शंका नाही. शिक्षण संपलं त्याच दिवशी त्या वॉर्ड चालवू शकत. उतारवयात त्या अजून आपल्या हॉस्पिटलचा बिल्ला जपून ठेवतात आणि आपल्या तुकडीतल्या मैत्रिणींना बहिणीपेक्षा जवळच्या मानतात. पण ज्या टिकल्या त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत येतात. मधेच सोडून गेलेल्यांची संख्याही फार मोठी होती, इतकी की १९३० आणि ४० च्या दशकांत मुली का टिकत नाहीत हे शोधायला एकामागून एक समित्या बसल्या. १९४७ च्या वुड समितीने रोगावर नेमकं बोट ठेवलं: या मुलींना विद्यार्थिनी माना. हॉस्पिटलच्या कामाची गरज एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे, अशी फारकत करा.

अहवाल आला आणि कपाटात गेला. कारण पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९४८ ला, सरकारची मोफत आरोग्यसेवा, एनएचएस, सुरू झाली. देशभरच्या वॉर्डांत हात कमी होते. अशा वेळी वॉर्ड सांभाळणाऱ्या हजारो शिकाऊ मुली वर्गात नेऊन बसवणार कोण?

दोन दर्जे

हात कमी पडले की दोन उपाय निघतात: हलक्या दर्जाची पात्रता काढायची आणि लांबून माणसं आणायची. ब्रिटनने दोन्ही केले. १९४३ पासून सहायक नर्सची वेगळी यादी होती. १९६१ मध्ये तिचं नाव झालं स्टेट एन्रोल्ड नर्स, एसईएन. शिक्षण दोन वर्षांचं आणि बढतीची वाट जवळपास बंद. याच काळात आयर्लंड आणि कॅरिबियन बेटांतून मुली शिकायला बोलावल्या जात होत्या. त्यांतल्या कित्येकींना, शिक्षण पुरेसं असूनही, तीन वर्षांच्या एसआरएनऐवजी एसईएनकडे वळवलं गेलं. दोन्हींत फरक काय हे कुणी सांगितलंच नाही. मायदेशी परतायची वेळ आली तेव्हा कळलं, की या कागदाला तिथे मान्यताच नाही. उमेदवारीतला सौदा इथे सरळ फसवणुकीला जाऊन पोचला होता. शिकणाऱ्याच्या अज्ञानावर तो किती सहज उभा राहू शकतो, ते या बायकांच्या आयुष्यात दिसतं.

विद्यापीठाची वाट फार हळू उघडली. एडिंबरा विद्यापीठात १९५६ मध्ये नर्सिंगचा विभाग निघाला, पण त्या मूठभर पदवीधर. १९७२ च्या ब्रिग्ज समितीने शिक्षणाची नवी मांडणी सुचवली. त्यावर कायदा व्हायला १९७९ उजाडलं, नवं नियामक मंडळ यूकेसीसी आणि राष्ट्रीय मंडळं १९८३ मध्ये जागेवर आली. १९८६ मध्ये या मंडळाने प्रोजेक्ट २००० नावाची योजना मांडली. १९८९ पासून ती अमलात यायला लागली. हॉस्पिटलांच्या शाळा एकेक करून कॉलेजांत आणि विद्यापीठांत गेल्या. एसईएनचे वर्ग बंद झाले. नाइटिंगेल फंडातून निघालेली ती पहिली शाळाही नव्वदच्या दशकात किंग्ज कॉलेज लंडनमध्ये विलीन झाली.

या योजनेतला सगळ्यात मोठा बदल एका कारकुनी वाटणाऱ्या शब्दात होता: विद्यार्थिनी वॉर्डात 'जादा' धरायची. ड्यूटीचा तक्ता तिला वगळून भरायचा. ती आली नाही तरी वॉर्ड चालला पाहिजे. १९४७ ची शिफारस चाळीस वर्षांनी कागदावर आली.

ओरड लगेच झाली. पुस्तकं वाचून आलेल्या या पोरींना पेशंटची आंघोळ घालायला कमीपणा वाटतो, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. नव्या मुलींना सुरुवातीला हातचं काम कमी येई, हे त्यातलं खरं. पण औषधांचे परिणाम, यंत्रं, पेशंटचे हक्क, निरनिराळे आजार एकाच वेळी असलेली म्हातारी माणसं, हे सगळं भाता फुंकता फुंकता शिकता येईल असा काळ राहिला नव्हता. २०१३ पर्यंत इंग्लंडमध्येही नर्स व्हायचं तर पदवीच हवी असं ठरलं.

मग पैशाचा प्रश्न उलट बाजूने आला. पूर्वी हॉस्पिटल मुलीला खर्ची द्यायचं. विद्यापीठात गेल्यावर ती सरकारी विद्यावेतनावर शिकायला लागली. २०१७ मध्ये इंग्लंडने नव्या विद्यार्थ्यांचं ते विद्यावेतनही काढून घेतलं आणि फी भरायला कर्ज काढायला सांगितलं. अर्ज घटले. २०२० मध्ये वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान पुन्हा सुरू करावं लागलं.

त्याच २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये आणखी एक वाट निघाली: नर्सिंगची पदवी, पण नोकरी करता करता. मुलगी हॉस्पिटलच्या पगारावर असते, ठरलेले दिवस विद्यापीठात जाते आणि फी तिला भरावी लागत नाही. तिला इंग्रजीत ॲप्रेंटिस म्हणतात. नियम असा की शिकण्याच्या तासांत ती वॉर्डात 'जादा'च धरायची, ड्यूटीच्या तक्त्यात मोजायची नाही. तिच्या हातात मात्र पगाराची स्लिप आहे, आणि त्या स्लिपवर हॉस्पिटलचंच नाव आहे.